वेगळी बादली

थोरली म्हशीखाली बसली आणि बसल्या बसल्याच कळ आली. ओटीपोटात, अगदी तळाशी, धुतलेल्या कापडाला पीळ घालावा तशी. तिनं कासंडी गुडघ्यांत घट्ट धरली, ओठ मिटले आणि म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून थांबली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई म्हशीला चुचकारतेय.

बघणारी होतीच. पलीकडच्या दाव्याला धाकटी जाऊ बसली होती. तिच्या भांड्यात धारा सरसर वाजत होत्या.

"जाऊबाई, मी काढू का तिची?"

"का? मला काय झालंय?"

"काही नाही. आपलं विचारलं."

"आपलं विचारू नकोस. आपली म्हैस बघ."

धाकटी गप्प झाली. ती लगेच गप्प झाली, हेही थोरलीला खटकलं. पूर्वी हिला एक बोललं की ही दोन ऐकवायची. आजारी माणसाला उलट बोलू नकोस, असं कुणीतरी हिला बजावून ठेवलेलं दिसतंय. आणि तसं बजावायचं कधी? माणूस जायच्या वाटेवर असतं तेव्हा.

गोठ्यात तीन म्हशी होत्या. दोन धाकटीनं कधी ताब्यात घेतल्या ते कळलंही नाही. ही तिसरी, एक शिंग खाली वळलेली, तिला सगळे वाकडीच म्हणत. वाकडी थोरलीशिवाय कुणाला धार देत नसे. दुसऱ्याचा हात लागला की दूध चोरून उभी राहायची. थोरलीला त्याचा मोठा आधार वाटायचा. निदान एक जीव तरी घरात असा होता, ज्याचं तिच्यावाचून अडत होतं.

कळ ओसरली तशी तिनं धारा काढल्या. उठताना मात्र दावणीच्या खुंटाला हात लावावाच लागला. धाकटीनं मान फिरवली. बघितलं नाही असं दाखवायला फिरवली, हे थोरलीनं बघितलं.

थंडीच्या दिवसांत तिला अंगावरून जायला लागलं होतं. पाळी जाऊन वर्षं लोटली होती, त्यामुळे पहिल्यांदा तिनं मनावर घेतलं नाही. मग धाकटीच्याच आग्रहानं तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिथून मोठ्या इस्पितळात, आणि बघता बघता पिशवी काढून मोकळी. डॉक्टरीणबाई पलंगाशी येऊन म्हणाल्या होत्या, "वेळेत आलात. कॅन्सर पिशवीच्या आतल्या अस्तरातच होता, पिशवीबरोबर गेला. आता औषधं नाहीत, शेक नाहीत. फक्त तपासणीला येत राहा."

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. थोरलीनं नाही टाकला. एवढा मोठा रोग आणि त्याला औषध नाही, म्हणजे काय? औषध कुणाला देत नाहीत? ज्याला देऊन उपयोग नसतो त्याला. शिवाय घरी निघताना डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेतलं होतं. दाराआड काय बोलणं झालं कोण जाणे. तो बाहेर आला तो खाली मान घालून, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "काय म्हणाल्या?" तिनं विचारलं. "काही नाही. जड उचलू नको म्हणाल्या." एवढंसं सांगायला माणसाला बाजूला नेतात?

त्या दिवसापासून तो बाहेर ओसरीवर झोपायला लागला. उकडतं म्हणाला. तेव्हा तर अंगावर दोन पांघरुणं घ्यावी लागत होती.

टाक्यांची जखम भरली आणि उन्हाळा आला. विहीर तळाला गेली. गवत करपलं, कडब्याची गंजी रोज खाली बसायला लागली. घरातले दोघे भाऊ हातगाडीवर पिंप ठेवून नदीच्या डोहावरून पाणी आणायचे, जनावरांचं आधी, माणसांचं मग. आंघोळीला तांब्यांचं मोजमाप आलं. थोरलीचं दुखणं जायचं सोडून त्याच दिवसांत वाढलं. बसलं की, उठलं की, खोकलं की. लघवीला जाऊन आलं तरी आत काहीतरी राहिल्यासारखं. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर इस्पितळात नेलं असतं, आणि नेलं असतं तर ते सापडलं असतं. तपासणीची तारीख आली तेव्हा ती म्हणाली, "मला ठणठणीत वाटतंय. पाण्याची ओढाताण चाललीय, त्यात कुठे जायचं?" कुणी आग्रह केला नाही. त्याचाही तिनं अर्थ लावला.

पण सगळ्यांत जास्त संशय होता सासूचा. सासूला ती आत्याबाई म्हणायची. आत्याबाई सत्तरीपार गेलेल्या, पाठीत वाकलेल्या, जिभेनं मात्र ताठ. सुनांकडून कपडे धुऊन घेणं हा त्यांचा इतक्या वर्षांचा हक्क. तो त्यांनी अचानक सोडला. आपले कपडे आपण धुवायला लागल्या. त्यासाठी एक जुनी पत्र्याची बादली वेगळी काढून ठेवली आणि थोरलीनं एकदा तिला हात लावला तर कडाडल्या, "ती ठेव! ती माझी आहे."

"बादलीत काय तुमचं-माझं, आत्याबाई?"

"आहे. ठेव म्हटलं ना."

अंथरूणही त्यांनी पलीकडच्या भिंतीशी नेलं. थोरलीनं घडी घालायला उचललं की हातातून ओढून घ्यायच्या. आता यात न कळण्यासारखं काय होतं? विटाळ मानतात तसं मानत होती म्हातारी. लागेल म्हणून.

आणि वर चौकशा! दोघी दाणे निवडत बसल्या की म्हातारी मान वर न करता विचारायची.

"तुझं सुरू झालं तेव्हा लाल होतं की काळपट?"

"कशाला आता ते?"

"सांग की. दुखत होतं का?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, आत्याबाई. सगळ्या गावाला सांगायचं असेल तर मीच दवंडी पिटते."

म्हातारी यावर चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती हं म्हणाली आणि खडे वेचत राहिली.

मग एका सकाळी जनावरांचा व्यापारी आला. थोरली वैरण टाकत होती. व्यापाऱ्यानं वाकडीचे दात बघितले, शेपटी उचलली, कास चाचपली. वाकडीनं लाथ झाडली.

"तापट आहे."

"हिच्या हाताला गरीब असते," नवऱ्यानं थोरलीकडे बोट केलं. "दुसऱ्याला नाही देत."

"मग बाईपण द्या सोबत," व्यापारी हसला.

नवरा हसला नाही, पण जे बोलला ते त्याहून वाईट होतं. "तिला बरं नसतं हल्ली. बसवत नाही. म्हणून तर काढतोय."

परक्या माणसानं थोरलीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मघाशी म्हशीकडे बघितलं होतं तसंच. तिच्या हातातली पेंढी तिथंच पडली.

"मला बसवत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?" व्यापारी म्हैस घेऊन गेल्यावर तिनं विचारलं.

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?"

"म्हणजे तुम्ही धरूनच चाललात. आज म्हैस काढली."

"अगं, वैरण कुठे आहे तिघींना? गंजी बघ ना जरा!"

"गंजी बघितली. तुम्हालाही बघितलं."

तो पिंपाची गाडी ओढत निघून गेला. त्या दिवशी ती रिकाम्या दाव्यापाशी उगाच दोनदा जाऊन आली.

दुपारी घर झोपायचं. ऊन असं की अंगणातली कोंबडीसुद्धा सावली सोडत नसे. वाकडी गेल्यानंतरच्या एका दुपारी थोरली पडल्या जागी कूस बदलून कंटाळली. डाव्या कुशीवर कळ खाली उतरायची, उजव्या कुशीवर मांडीत जायची. शेवटी उठली आणि वैरण आणायला म्हणून गंजीमागे गेली.

तिथे आत्याबाई उकिडव्या बसल्या होत्या. पुढ्यात ती पत्र्याची बादली. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. चाहूल लागताच म्हातारीनं कापड बादलीत दाबलं आणि वर पालथा पंजा ठेवला, पोरानं चोरलेलं झाकावं तसा. पण पाणी झाकता येत नाही. ते तांबूस झालं होतं.

थोरलीच्या मनात पहिलं काय आलं? माझंच काहीतरी आणून धुतेय. माझ्या कपड्यांवर पडलं, मला दिसलं नाही, हिला दिसलं, आणि हे सगळे माझ्यापासून लपवताहेत. 

"ते माझं आहे ना?"

"ओरडू नकोस."

"आत्याबाई, खरं सांगा. माझं आहे ना ते?"

"तुझं कशाला असेल?" म्हातारी खेकसली, आणि मग आवाज एकदम खाली आला. "माझं आहे."

थोरलीला कळायला वेळ लागला. सत्तरीची बाई. हिचं कसं असेल?

"कधीपासून?"

"विहीर आटायच्या आधीपासून."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"तू बोललीस तुझं दुखतं ते?" म्हातारीनं कापड काढून पिळलं. पीळ पक्का होता. "उठताना खुंट धरतेस. मला काय डोळे नाहीत?"

थोरली गंजीला टेकून बसली. बसताना कळ आली. या वेळी तिनं ती लपवली नाही, लपवायचं भान राहिलं नाही.

"म्हणून विचारत होतात. लाल की काळपट."

"मग कुणाला विचारणार? घरात तूच एक जाणती."

"मला वाटलं, तुम्ही माझा विटाळ मानता. बादली वेगळी, अंथरूण वेगळं."

"तुझा विटाळ? अंथरुणावर डाग पडले होते माझ्या!" म्हातारीला रागही आला आणि लाजही वाटली. "तुला दाखवले असते, तर म्हणाली असतीस, सासू माझी नक्कल करते."

हसण्याजोगं होतं, पण कुणी हसलं नाही.

"दवाखान्यात का नाही गेलात?"

"जाणार होते. तुझ्या तारखेला तुझ्याबरोबर निघायचं ठरवलं होतं. काहीतरी निमित्त काढणार होते, गुडघ्यांचं. पण तूच गेली नाहीस." म्हातारीनं तिच्याकडे सरळ बघितलं. "मी म्हटलं, हिला काहीतरी कळलेलं दिसतंय. जी एकदा सुरीखालून उठून आली, तीच परत पायरी चढायला भिते, तर मी कशाला जाऊ?"

आपण सगळ्यांवर नजर ठेवून होतो, आणि आपल्यावर कुणीतरी तशीच नजर ठेवून होतं. आपण जे करत होतो त्यावरून या बाईनं स्वतःचं मरण ठरवून टाकलं होतं.

"उद्या जाऊ," ती म्हणाली.

"तू दाखवणार असलीस तर येते."

"दाखवीन."

"आधी तू. मग मी."

"बरं, आधी मी."

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गाठलं. तो ओसरीवर पायातला काटा काढत बसला होता. आईचं ऐकून त्यानं काटा तसाच सोडला आणि म्हणाला, "मी नेतो दोघींना."

"आणि मला एक सांगा. त्या दिवशी दाराआड डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"कधी?"

"कधी ते तुम्हाला माहीत आहे."

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. "त्या म्हणाल्या... काही दिवस जवळ जाऊ नका."

"आणि?"

"आणि काय? एवढंच."

"काही दिवस म्हणजे किती?"

"ते विचारायला पाहिजे होतं," तो काट्याशी बोलल्यासारखं बोलला. "बाईमाणसाला कसं विचारणार? म्हणून मग बाहेरच..."

हिवाळ्यापासून तिनं त्या दाराआडच्या बोलण्यावर केवढे मजले चढवले होते! पण तो पुढे जे म्हणाला, ते तिला अपेक्षित नव्हतं.

"आणि खरं सांगू? तू झोपेत कण्हतेस. ओसरीवर कमी ऐकू येतं."

तिला हे लागलं. पण हे खोटं नव्हतं, आणि कितीतरी दिवसांत तिनं कुणाच्या बोलण्यावर पहिल्याच फटक्यात विश्वास ठेवला होता, तो याच वाक्यावर.

इस्पितळात बाकावर दोघी चिकटून बसल्या. आत्याबाई दर थोड्या वेळानं म्हणायच्या, "आधी तू." हाक आली तशी थोरली उठली. आत जाऊन ती टेबलावर पडली, छताकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि आतल्या बाजूला एका ठिकाणी बोट दाबलं तशी ती किंचाळली.

"हेच ना? हीच कळ?"

"हीच." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "परत आलंय ना? सांगा. मला सांगा, त्यांना बाजूला नेऊ नका."

"उठा. तुमच्याशीच बोलते." बाईंनी हातमोजे काढले आणि आपली मूठ तिच्यासमोर आवळून धरली. "ही गाठ नाही. हा स्नायू आहे. ऑपरेशन झाल्यापासून दुखेल या भीतीनं तुम्ही तो असा आवळून धरलाय. दिवसभर मूठ आवळली तर हात दुखणार की नाही?"

"म्हणजे मनाचे खेळ म्हणता?"

"नाही. दुखणं खरं आहे. मी दाबलं तेव्हा तुम्ही उगाच ओरडला नाहीत."

"आणि रोग?"

"आज तपासलं त्यात काही दिसलं नाही."

"आज."

"हो, आज. उद्याचं मी लिहून देत नाही. म्हणून तर येत राहा म्हणते. तारीख चुकवलीत, ते बरं नाही केलंत."

शेजारच्या खोलीत व्यायाम शिकवणारी मुलगी होती. तिनं थोरलीला सतरंजीवर उताणं झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले, पोटावर हात ठेवायला लावला. "श्वास खाली जाऊ द्या. खालचं सगळं सैल सोडा."

"सोडलंय."

"नाही सोडलं."

"अगं, सोडलंय म्हणते ना!"

"दात का आवळलेत मग?"

थोरलीला कळलं, आपल्याला सोडायचं कसं हेच ठाऊक नाही. पाणी ओढणं, धारा काढणं, शेण भरणं, जन्मभर सगळं आवळूनच केलं होतं. बऱ्याच खटपटीनंतर एकदा, अगदी क्षणभर, आत काहीतरी निसटल्यासारखं ढिलं पडलं. आणि ती इतकी घाबरली की परत आवळलं.

आत्याबाईंच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "तू हे सगळं एकटीनं सोसलंस होय?"

रिपोर्टची वाट बघायचे दिवस विचित्र गेले. पाण्याची गाडी येत होती, जात होती. थोरली सकाळ-संध्याकाळ सतरंजी घालून गुडघे वर करून पडायची. धाकटी दारातून बघून तोंड दाबून हसायची, आणि थोरली म्हणायची, "हस, हस. तुझीही पाळी येईल." दुखणं काही दिवस कमी व्हायचं, काही दिवस तसंच. कमी झालं की तिला वाटायचं, फसवतंय. वाढलं की वाटायचं, बघा, म्हटलं नव्हतं? नवरा ओसरीवरून आत आला. पहिले काही दिवस तो अंथरुणाच्या कडेवर असा झोपायचा, जणू बाजूला काचसामान ठेवलंय.

आत्याबाईंचे कपडे आता थोरली धुवायची. म्हातारी समोर बसून राहायची. "आज कमी आहे ना?" "कमी आहे." "खरं सांग." "तुम्हीच बघा." मग दोघी डोकं एकत्र करून कापड उजेडात धरायच्या.

निकालाच्या दिवशी नवऱ्याला जनावरांपाशी थांबावं लागलं, म्हणून दोघीच गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "आजी, रोग नाही. वयानं आतलं अस्तर पातळ झालंय, कोरडं पडलंय, त्यातून येतं. मलम देते. परत आलं तर मात्र लपवायचं नाही."

थोरलीनं म्हातारीचा हात दाबला. दाबताना आतून काहीतरी झर्रकन वर आलं, आणि ते काय आहे हे ओळखून तिला स्वतःचीच शरम वाटली. हिला नाही. मलाच का? आयुष्य संपत आलेलं हिचं, आणि ही सुटली. तिनं ते गिळलं. हात मात्र सोडला नाही.

गाडी फाट्यावर सोडून गेली. तिथून घरापर्यंत चढाची पायवाट. ऊन कललं होतं. आत्याबाई मधेच थांबल्या.

"ती खोटं बोलली."

"कोण?"

"डॉक्टरीण. म्हातारीला कशाला घाबरवायचं म्हणून सांगितलं असेल. मलम देते म्हणे! एवढं रक्त, आणि मलम? मलम कुणाला देतात? ज्याचं काही होण्यासारखं नसतं त्याला."

थोरली जागच्या जागी उभी राहिली. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. हिवाळ्यापासून रोज तिनं तेच स्वतःला ऐकवले होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मात्र ते किती वेडगळ वाटत होते.

"आत्याबाई, मला रोग होता तेव्हा याच बाईनं मला तोंडावर सांगितलं. तुम्हाला असता तर सांगितला नसता? तुम्ही तिच्या कोण लागता?"

म्हातारीनं विचार केला. "तुला म्हणाली ना, गेला रोग? तू ठेवलास विश्वास?"

खोटं बोलणं सोपं होतं. थोरलीनं वाटेवरचा दगड पायानं बाजूला सारला.

"नाही. अजून नाही ठेवला पुरता."

"मग मी का ठेवू?"

"नका ठेवू. पण मलम लावा."

"आणि तू?"

"मी तारखेला जाईन. विश्वास असो-नसो."

"एकटी नको जाऊस. मला घेऊन जा," म्हातारी म्हणाली. "तुझ्या तोंडाकडे बघून मला कळतं, ती काय म्हणाली ते."

दोघी पुन्हा चालायला लागल्या. चढ जिथे उभा होतो तिथे थोरलीला कळ आली, नेहमीची, तळातून पीळ घालत येणारी. सवयीनं तिनं ओठ मिटले, दात आवळले. दोन पावलं तशीच गेली. मग थांबली.

"आत्याबाई, थांबा जरा. दुखतंय."

इतकं साधं वाक्य, पण बोलायला किती जड गेलं. आत्याबाईंनी मागे वळून बघितलं. वाटेच्या कडेला एक बसका धोंडा होता, त्यावर टेकल्या आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बस. मलाही दम लागलाय."

खरंच लागला होता, की तिच्यासाठी म्हणाल्या? थोरली बघत बसली नाही. ती टेकली, पोटावर हात ठेवला आणि श्वास खाली जाऊ दिला.